सरकवलेली खोकी

(दुपार. खाटेवर बोका, सिनेमातल्या हिरोचा डुप्लिकेट, पडलेला, गुडघ्यांखाली उशी. त्याची बायको दारातच उभी. तिचे वडील, फाइट मास्तर, आत येताहेत.)

लेक : चपला नंतर काढा बाबा. आधी सांगा, बोलला का तो हिरो?

मास्तर : अगं, आत तर येऊ देशील? जिने चढून आलोय. घोटभर पाणी दे.

लेक : पाणी भरून ठेवलंय तुमच्या पुढ्यात. सकाळपासून या दाराशी उभी आहे मी. बोलला का?

मास्तर : भेट झाली.

लेक : भेट झाली ते दिसतंय मला. झाली नसती तर फणफणत आला असतात. हे असे मान खाली घालून नसता आलात.

बोका : बसू दे ग त्यांना. मास्तर, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय. इकडे बसा, खाटेवर.

लेक : हो, बसा. खुर्चीचा पाय गेला, नवऱ्याचे दोन्ही गेले. या घरात धड उभी मी एकटीच उरले आहे.

मास्तर : एडिटिंगच्या खोलीत भेटला. काळोखी खोली, थंडगार. मला बघून उठला. उठला बरं का, बसून हात नाही केला. आला आणि मिठी मारली.

लेक : आणि तुम्ही?

मास्तर : समोरच्याने मिठी मारल्यावर माणूस काय करतो? मीही मारली.

लेक : वा! निघताना काय म्हणालात? कॉलर धरून विचारतो, म्हणालात. कॉलरपर्यंत गेलेला हात पाठ थोपटून परत आला म्हणायचा.

बोका : मिठीत कॉलर धरता येत नाही. हात मागे जातात.

लेक : तू बाजू घेऊ नकोस.

बोका : बाजू कसली? कामातली गोष्ट सांगतोय.

लेक : बाबा, एक वाक्य आणायचं होतं तुम्हाला. एकच. पेपरात नको होतं, टीव्हीवर नको होतं. आपल्या सरावाच्या मैदानावर यायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, उडीखालची पुठ्ठ्याची खोकी सरकवल्याचं मला सांगितलं होतं, बोक्याला नाही. बास. जीभ झिजली असती का त्याची?

मास्तर : मला काय सांगतेस? सांगायला मीच गेलो होतो ना?

लेक : सांगते, कारण तुम्ही विसरून आलेले दिसताय. हा कुबड्यांवर का होईना, मैदानावर उभा राहिला असता. नव्या लोकांना पडायला शिकवलं असतं. उडी नाही मारता येणार, पण डोळे आहेत, तोंड आहे. पण येतंय कोण? ज्याला स्वतःची खोकी सापडली नाहीत तो आम्हाला काय शिकवणार, असं तोंडावर म्हणतात. आणि बोका नाव कुणी ठेवलं होतं? त्यांनीच! कुठूनही टाका, पायांवर उतरतो म्हणून.

बोका : आता नाव तेवढं उरलंय. हाक मारायला बरं पडतं.

मास्तर : अरे, मला रोज ऐकावं लागतं ते. मैदान माझं आहे. लोक म्हणतात, मास्तरांनी जावयाला पुढे केलं, त्याला जमण्यातलं नव्हतं. मी गप्प बसतो.

लेक : का बसता? नियम कुणाचा आहे, जो पडणार त्यानेच खोकी रचायची?

मास्तर : माझ्या वस्तादांचा.

लेक : आणि एकदा रचली की?

मास्तर : दुसऱ्याने बोट लावायचं नाही. हे काय, परीक्षा घेतेस माझी?

लेक : घेते. त्या दिवशी कुणी लावलं बोट?

मास्तर : माहीत आहे ना तुला? कॅमेऱ्यात कोपरा दिसत होता. मी वर होतो, बोक्याशेजारी. खाली सगळा धूर सोडलेला. खाली कुणी काय केलं ते कसं दिसणार? दोन हात डावीकडे ओढली खोकी. आणि निरोप द्यायला त्या नव्या असिस्टंटला पाठवलं.

लेक : आणि तिला मागून तपकिरी कोट दिसला. तेच केस, तीच मान. म्हणाली, खोकी डावीकडे घेतली आहेत, लक्षात ठेवा. कोटातला हिरो म्हणाला, बरं. आणि जाऊन बसला गाडीत थंड हवा खात. ज्याला फूटपाथवरून खाली उतरायलासुद्धा माणूस लागतो, त्याला सांगितलं कुठे उडी मारायची ते!

बोका : तिची चूक नाही ग. त्याच्यासारखं दिसायचं, हेच माझं काम होतं. फारच चांगलं केलं म्हणायचं.

लेक : कोट नीट बघितला असता तर कळलं असतं. तुझ्या कोटाला पाठीत जाड गादी होती. मी शिवली होती. त्याच्या कोटात नुसती हवा. पण रडली बिचारी, हॉस्पिटलात येऊन माझा हात धरून रडली. नाहीतर आपल्याला तरी कुठे कळणार होतं? आपणही म्हटलं असतं, चुकला असेल बोका.

बोका : तू म्हणाली नसतीस.

लेक : मी म्हणाले असते. पहिल्या दिवशी मलाही वाटलंच होतं. घे, सांगून टाकलं.

बोका : मलाही वाटलं होतं.

मास्तर : फोन उचलते का ती?

लेक : नाही. दुसरीकडे कुठे लागली म्हणे. तिला कशाला ओढायचं? ज्याने ऐकलं त्याने बोलावं.

बोका : मास्तर, पिक्चर दाखवलं का त्यांनी?

मास्तर : शेवट दाखवला. तेच काम चालू होतं.

बोका : मारामारी किती ठेवली?

मास्तर : पाणी दे ग.

लेक : पाणी समोर आहे, बाबा.

मास्तर : नाही ठेवली.

बोका : म्हणजे, कापली थोडी?

मास्तर : थोडी काय थोडी! नाहीच आहे. महिनाभर बसवली होती रे आपण. आठवतं ना? जिन्यातून सुरू व्हायची. दोघंही आधीच दमलेले. हिरोचा एक हात कामातून गेलेला. तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणाच्यात गुद्दा उचलायचं बळ उरत नाही. नुसते एकमेकांना धरून उभे. कोण मारतोय आणि कोण सावरतोय हे बघणाऱ्याला कळू नये. मग तो कठडा, मग हिरोची उडी. मी तेव्हाच सांगितलं होतं त्या दिग्दर्शकाला, की बाबा रे, ताकद पहिल्या मारामारीत दाखवून झालेली असते. शेवटी दोघांना भीती वाटली पाहिजे. ती नसेल तर लोक खुर्चीखाली चपला शोधायला लागतात.

बोका : मग आता काय आहे?

मास्तर : खलनायक भाषण करतो.

लेक : पिस्तूल हातात असताना?

मास्तर : असताना.

बोका : मोठं भाषण?

मास्तर : माझा चहा पिऊन झाला तेवढ्यात.

लेक : चहासुद्धा घेतलात!

मास्तर : समोर आणून ठेवला तर काय ओतून देऊ? मग भाषण संपवून तो एक पाऊल मागे येतो. तिथे तेल सांडलेलं असतं.

लेक : कसलं तेल?

मास्तर : कारखाना आहे ना. असेल कसलंतरी.

लेक : कुणी सांडलं?

मास्तर : ते दाखवलेलं नाही.

बोका : आणि घसरतो?

मास्तर : घसरतो. कठड्यावरून सरळ खाली.

लेक : आणि हिरो?

मास्तर : वाकून बघतो. मग काळा चष्मा घालतो.

लेक : संपलं?

मास्तर : संपलं. नावं येतात.

लेक : म्हणजे तीन तास लोकांनी बूड आवळून बसायचं. त्या खलनायकाने हिरोच्या बहिणीला मारलं, घर जाळलं, मित्राला गाडीखाली घातलं. लोक म्हणणार, थांब, आता येतो आमचा वाघ. आणि शेवटी त्याला मारतं कोण, तर तेल! माझ्या स्वयंपाकघरात रोज सांडतं, मी अजून मेले नाही.

बोका : असं का केलं पण?

मास्तर : तारखा जुळल्या नाहीत. दोघं एकदाही समोरासमोर आले नाहीत. एकाने भिंतीकडे बघून शिव्या दिल्या. दुसऱ्याने कितीतरी दिवसांनी, वेगळ्या भिंतीकडे बघून ऐकल्या. आणि हिरो म्हणाला, लहान मुलं बघतात मला, माझ्या हातून कुणी मरायला नको. मरू दे, पण माझा हात लागायला नको.

लेक : कुणी ढकललं नाही, कुणाचा हात लागला नाही. आपला आपण पडला. ओळखीचं वाटतंय ना, बोक्या? तुझ्याबद्दलही हेच म्हणतात.

बोका : मास्तर, एक विचारू?

मास्तर : विचार की.

बोका : खलनायकाचं ते पडणं कुणी केलं? त्याचा डुप्लिकेट तर तेव्हाच दुसऱ्या कामावर गेला होता. नंतर शूटिंग झालं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं.

मास्तर : दिसतं बाकी चांगलं. खोटं कशाला बोलू? खोलीतले सगळे म्हणत होते, काय पडलाय.

बोका : कोण पडलाय?

मास्तर : अरे, हल्ली ते सगळं संगणकावर...

लेक : बाबा.

मास्तर : कोटाचा रंग बदललाय. तपकिरीचा काळा केलाय. चेहरा त्या खलनायकाचा आहे, स्टुलावरून गादीवर पाडून घेतला वेगळा. बाकी सगळा तू.

लेक : कुठली उडी? बाबा, माझ्याकडे बघा. त्या दिवशीची?

मास्तर : दुसरी कुठली असणार? एकदाच तर मारली त्याने.

लेक : माझा नवरा मोडला, तो तुकडा लावला त्यांनी? तो? विचारलं कुणाला? मला विचारलं? त्याला विचारलं?

मास्तर : जमिनीपर्यंत नाही दाखवलं. धुरात जातो तिथेच कापलाय.

लेक : फार उपकार झाले!

बोका : म्हणजे मी खलनायक होऊन मेलो.

मास्तर : कोट उलटतो तुझा, पडताना. आतलं अस्तर दिसतं. ते रंगवायचं राहिलंय त्यांच्याकडून.

लेक : लाल?

मास्तर : लालच. फुलाफुलांचं.

लेक : आपल्या पडद्याचं आहे ते. या खिडकीचा जुना पडदा. दुसरं कापड नव्हतं घरात... बघा म्हणावं. एवढा मोठा खलनायक, आणि कोटात माझा पडदा.

मास्तर : क्षणभरच दिसतं. कुणाच्या लक्षात यायचं नाही.

बोका : हात कसा दिसतो?

मास्तर : कुठला?

बोका : उजवा. धुरातून बाहेर आलो आणि खाली नुसती फरशी. खोकी नाहीत. हात आपोआप तिकडे गेला. जिथे मी रचली होती तिकडे.

मास्तर : दिसतो.

बोका : स्पष्ट?

मास्तर : मला तेवढाच दिसला रे. लोक म्हणत होते, अंगात काय भीती आणलीय बघा. मी नुसता हात बघत होतो. असा. काहीतरी चाचपडत असल्यासारखा.

लेक : मग झालं की! उजवीकडे हात जातोय आणि खोकी डावीकडे पडलीत. आंधळ्यालाही कळेल याची उडी बरोबर होती. तोच तुकडा मागून आणा आणि मैदानावर दाखवा सगळ्यांना. त्या हिरोचं तोंड तरी कशाला हवंय मग?

मास्तर : खोकी नाहीत त्यात.

लेक : नाहीत कशी? सरकवली होती, वितळली नव्हती.

मास्तर : दिसत होती. सरकवल्यावर दुसऱ्या कॅमेऱ्यात आली होती. ती पुसली. माझ्या देखत पुसली. एक मुलगी बसली होती तिथे, तिने हातातलं पेन फिरवलं आणि खोकं गेलं. खाली फरशी आली. मग दुसरं. मग सगळीच.

बोका : इतकं सोपं असतं?

मास्तर : आता सगळं सोपं झालंय. ती मुलगी तर गाणं ऐकत करत होती.

बोका : पुसता येत होती, तर मग सरकवली कशाला?

मास्तर : ते मला काय विचारतोस?

बोका : नाही, उगीच विचारतोय. कोपराच दिसत होता ना? तो पुसला असता.

मास्तर : त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नसेल रे. घाई होती. ऊन जात होतं.

लेक : ऊन जात होतं म्हणे! याचे पाय गेले, आणि त्यांचं ऊन जात होतं! आणि हे सगळं बघून तुम्ही तिथे बसून राहिलात? विचारायला गेला होतात ते विचारलंतच नाही ना?

मास्तर : विचारलं.

लेक : खरं सांगा.

मास्तर : तुझ्या गळ्याची... विचारलं म्हणतोय ना. दिवे लागल्यावर. सगळे होते खोलीत. म्हटलं, त्या दिवशी उडीच्या आधी तुम्हाला त्या मुलीने काही सांगितलं होतं का?

लेक : मग? नाही म्हणाला असेल. कोण मुलगी, म्हणाला असेल.

मास्तर : हो म्हणाला.

लेक : काय?

मास्तर : लगेच म्हणाला. हो मास्तर, कुणीतरी म्हणालं होतं खोकी सरकवली म्हणून. मी बरं म्हटलं. मला वाटलं मलाच सांगताहेत, दिवसभर मला कुणी ना कुणी काही ना काही सांगतच असतं. असं म्हणाला, आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

लेक : चेहरा पडला का त्याचा?

मास्तर : कशाला पडेल? काल जेवायला काय होतं विचारल्यासारखं सांगितलं त्याने. मी पूर्ण तयारीने गेलो होतो ग. रात्रभर बसवत होतो. तो नाही म्हणेल, मग मी असं म्हणेन. तो चढेल, मग मी टेबलावर हात आपटेन. दार लावून घेईन, बाहेर जाऊ देणार नाही. कुठे उभं राहायचं तेसुद्धा ठरवलं होतं. आणि हा पहिल्याच शब्दाला हो म्हणाला. आडव्या झालेल्या माणसाला काय मारायचं? मला कळेचना पुढे काय करायचं ते.

लेक : मैदानावर येऊन हेच बोल म्हणायचं होतं!

मास्तर : म्हटलं. पिक्चर लागू दे, मग बघू, म्हणाला. आत्ता काही बोललं की लोक पिक्चर सोडून तेच चघळत बसतील.

लेक : म्हणजे कधीच नाही.

मास्तर : तोंडावर नाही म्हणाला नाही तो.

लेक : म्हणाला असता तर बरं झालं असतं. निदान राग तरी धरता आला असता. आता मी काय धरू? बिस्किटाची बशी?

बोका : आणि मग निघालात?

मास्तर : दारापर्यंत आला सोडायला. खांद्यावर हात टाकला. म्हणाला, मास्तर, पुढच्या पिक्चरची शेवटची मारामारी तुमचीच. खरीखुरी. दोघं समोरासमोर, तारखा आधीच बांधून घेतो. ती जिन्यातली बसवलेली आहे ना तुमची, तीच घेऊ. जशीच्या तशी.

लेक : आणि तुम्ही काय म्हणालात?

मास्तर : मैदानावर सगळे हातावर हात ठेवून बसलेत. त्यांच्याकडे बघवत नाही मला. आणि ती मारामारी, पोरी, तशी मारामारी मला परत जमायची नाही. वय झालंय. ती कुणी बघितलीच नाही तर...

लेक : बाबा, काय म्हणालात?

मास्तर : बरं म्हणालो.

लेक : बरं.

मास्तर : अगं, पण त्यात बोक्याचाही...

लेक : तोही बरं, एवढंच म्हणाला होता. कोट घालून.

मास्तर : तू मला त्याच्या पंगतीला बसवू नकोस. मी बाप आहे तुझा. हा बारा वर्षांचा असल्यापासून मी याला पडायला शिकवलंय. त्या दिवशी खाली धावत कोण गेलं? याला उचलून गाडीत कोणी घातलं?

लेक : तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला पाठवलं. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

बोका : झालं आता. पुरे.

लेक : पुरे काय? तुझं नाव धुऊन आणायला गेले होते, स्वतःचं काम घेऊन आले. आणि तू पुरे म्हण.

बोका : मास्तर, जिन्यातल्या मारामारीत उडी आहे ना शेवटी?

मास्तर : आहे.

बोका : ती ठेवणार?

मास्तर : जशीच्या तशी म्हणालाय.

बोका : कोण मारणार?

मास्तर : बघू. तयार करायला लागेल कुणालातरी. तू सांगशील त्याला, इथे घरी पाठवेन मी. कुणाला न सांगता. काय?

लेक : कुणाला न सांगता! म्हणजे शिकायचं याच्याकडून, आणि नाव नको याचं. उठा बाबा. चपला काढल्याच नाहीत तुम्ही अजून. बरं झालं, घालायचा त्रास वाचला.

बोका : तू जरा चहा टाक ग.

लेक : ते पिऊन आलेत.

बोका : मला.

लेक : टाकते. आधी हे जाऊ देत.

मास्तर : जातो, जातो. ओरडू नकोस. कधीचा तसाच उताणा पडलाय हा, पाय आखडले असतील. थांब, ही उशी जरा इकडे घेतो...

बोका : मास्तर.

मास्तर : काय रे? दुखलं?

बोका : आधी सांगा. मग सरकवा.

मास्तर : अरे, सांगितलं की आत्ता.

बोका : तिच्याकडे बघून सांगितलंत. मला सांगा.